गणपतीला येत नाहीये

किरिंदी, मादागास्कर
१२ जुलै

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर रेंज गेली म्हणाले, ते खरं नव्हतं. सांगायचं धाडस होईना म्हणून मी फोन ठेवला. मी गणपतीला येत नाहीये. इथला मुक्काम एक वर्षाने वाढवलाय, सहीसुद्धा करून दिली. सप्टेंबरात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे हे माहीत असून.

दापोलीला नानांच्या वेळी केलं तसं हे नाही, आई. तेव्हा मी विचारच केला नव्हता. या वेळी महिनाभर झोप नाही.

जेवणाची काळजी करू नका. इथे सकाळ-संध्याकाळ भातच असतो. भात काढून झाला की तळाच्या खरवडीत पाणी घालून उकळतात आणि जेवताना तेच पितात. पहिल्या घोटाला आजीच्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं. बाजारात तांदळाच्या पिठाचे गोड आप्पे मिळतात, खाचांच्या तव्यातले, थेट आपल्या आप्पेपात्रातल्यासारखे. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, सगळं वेळेवर चाललंय. रात्री बोचरी थंडी पडते, तेव्हा तू विणलेला राखाडी स्वेटर अंगात असतो. एका कोपरावर उसवलाय तेवढा.

बाबा, झाडपाला खाणाऱ्या एवढ्याशा जनावरासाठी दोन वर्षं कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. आमचा लेपिलेमूर जेमतेम ८०० ग्रॅमचा. दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपतो आणि अंधार पडला की या खोडावरून त्या खोडावर उभ्या उभ्या उड्या मारतो. एवढ्या लहान देहाने नुसत्या पानांवर जगणं अवघड असतं, कारण पानांत ताकद कमी आणि चोथा जास्त. त्याच्या पोटातले जंतू तो चोथा आंबवतात, तरी त्याला शक्ती जपूनच वापरावी लागते. इतका मंद चयापचय फार थोड्या सस्तन प्राण्यांत सापडतो. खाऊन झालं की तो फांदीवर तासन्‌तास गप्प बसून राहतो. नर-मादीची जोडी एकाच हद्दीत राहते, पण बहुतेक वेळा चरायला वेगळी, झोपायला ढोलीही वेगळी.

सध्या इथली बहुतेक झाडं उघडीबोडकी झालीत आणि पावसाला अजून काही महिने आहेत. या कोरड्या दिवसांत मादीला काय मिळतं आणि पुढे तिच्या पिल्लाचं काय होतं, हे एका वर्षाच्या नोंदीवरून सांगता येत नाही. त्यात आसपास मक्याच्या शेतीसाठी जंगल जाळतात. ‘दोन-चार वर्षांनी परत येऊन बघू’ असं मला म्हणताच येत नाही, बाबा.

गेल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा, रेडिओ कॉलर लावलेल्या आमच्या मादीने पिल्लू तोंडात धरून आणलं, फांदीच्या बेचक्यात ठेवलं आणि चरायला निघून गेली. पिल्लू मुठीएवढं, फांदीला घट्ट चिकटलेलं. आवाज नाही, हालचाल नाही. या जंगलात फोसा नावाचा शिकारी प्राणी फिरतो, त्याला चाहूल लागली की संपलंच. मी लाल दिवा लावून खाली बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, आधी हुंगलं, मग चाटायला लागली. आई, तुझी दवाखान्यात पहिल्या पाळीची ड्यूटी असली की तू मला वाड्यातल्या काकूंच्या खिडकीत बसवून जायचीस. ‘गज धरून बस, हलू नकोस, मी आलेच.’ मी खरंच हलायचे नाही. तुझ्या साडीचा दवाखान्याचा वास जिन्यातच कळायचा. त्या रात्री ती मादी किती वाजता परतली, ते वहीत लिहायचंच राहिलं.

आता ऐका. ऑपरेशनला दादा येतोय, त्याने रजा टाकलीय. बाबा, आधी साखर तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं ‘ठीक आहे’ चालणार नाही. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी. डोळा चोळायचा नाही, बादली उचलायची नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर बंद. आई, हरतालिकेला निर्जळी करू नकोस, दूध तरी घे. मोदक या वर्षी २१च. कंबर सांभाळ.

रागावला असाल तर फोनवर रागवा, मी सगळं ऐकेन. पण फोन उचला. तुमच्यापेक्षा इथलं घड्याळ अडीच तास मागे आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच मी मोरोंडावाला जाऊन राहीन, तिथे रेंज असते.

आणि त्या राखाडी लोकरीची गुंडी उरली असेल तर कुणाला देऊ नकोस, आई. कोपराला लागेल.

तुमची,
चिमी