खून नीट करून दिल्याबद्दल आभार

प्रिय मालकीणबाई,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमचे आभार मला माझ्या वाचकांच्या साक्षीनं मानायचे आहेत. तुम्हांला काय ते काउंटरशी बसून तोंडी सांगेनच. तुमचं नाव आणि आयर्लंडमधल्या तुमच्या गावाचं नाव, दोन्ही गाळलं आहे. "पश्चिम क्लेअरमधला एक पब एवढंच लिही, इथे असली गावं पैशाला पासरी," ही अट तुमचीच.

मला एक रहस्यकथा लिहायची होती. रक्ताचे पाट, बंदुका, विकृत खुनी असलं काही नको होतं. एक आयरिश खेडं, त्यातला एकुलता एक पब, एक खून आणि तो शांतपणे उलगडणारं कुणाचं तरी घरगुती डोकं, एवढंच. इंग्रजीत या प्रकाराला कोझी मिस्टरी म्हणतात. पावसाळी रात्री पांघरुणात शिरून वाचायची आणि खून झालेला असूनही निवांत झोपायचं. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पिढ्या पोसल्या. रहस्यकथेचा नायक म्हणजे वेगवान, वेषांतर करणारा, पोलिसांना चकवणारा, हे माझ्याही डोक्यात लहानपणापासून ठसलेलं. काउंटरमागे उभं राहून ग्लास पुसणारी साठीची बाई डिटेक्टिव्ह होऊ शकते, हे मला तुमच्याकडे बघून सुचलं.

मयत मी घरूनच ठरवून आणला होता. सत्तरीचा, अविवाहित, चाळीस एकरांचा शेतकरी, तिरसट, पैसेवाला. त्याचं वर्णन ऐकून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "तो कुठल्या स्टुलावर बसायचा?"

त्याचे वारस कोण, शत्रू कोण, मृत्युपत्र आहे का, यातलं काही नाही. स्टूल कुठलं? मग तुम्ही ओल्या फडक्यानंच काउंटर दाखवत गेलात. खिडकीजवळचं निवृत्त पोस्टमनचं. शेकोटीकडे पाठ करून बसणारे ते दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत पण शेजारी बसतात. दाराजवळचं स्टूल पाहुण्यांना, कारण तिथे वारा लागतो. कोण किती वाजता येतो, काय पितो, उठताना कुणाला "गुडनाइट" म्हणतो आणि कुणाला मुद्दाम म्हणत नाही, हे सगळं तुम्हांला पाठ. कथेतल्या बाईची सगळी तपासपद्धत या एका प्रश्नातून निघाली. ती ठसे शोधत नाही, धागेदोरे गोळा करत नाही. रोजच्यासारखं काय झालं नाही, एवढंच ती बघते.

दुसरे आभार तळघराचे. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरमागची फळी उचलून तुम्ही मला खाली नेलंत. पायऱ्या अरुंद, भिंती चुन्याच्या, गारठा असा की बोलताना वाफ दिसावी. ५० लिटरचे केग, म्हणजे बिअरची धातूची पिंपं, ओळीनं मांडलेले, त्यांतून नळ्या वर गेलेल्या, कोपऱ्यात गॅसचे उंच सिलिंडर साखळीनं बांधलेले. स्टाउटला, म्हणजे काळ्या बिअरला, निव्वळ कार्बन डायऑक्साइड चालत नाही, साधारण ७० टक्के नायट्रोजन आणि ३० टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण लागतं, म्हणून तो फेस सायीसारखा येतो, हे तुमच्याकडून कळलं. मग भिंतीवरची एक पांढरी डबी तुम्ही बुटाच्या टोकानं दाखवलीत. गॅस गळतीचा अलार्म, गुडघ्याच्याही खाली बसवलेला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो, दिसत नाही. "इथे कुणी मरून पडलेला सापडला, तर पहिले दोन दिवस त्याला खून कोण म्हणेल?" असं म्हणून तुम्ही शांतपणे दिवा मालवलात आणि वर निघून गेलात. मी अंधारात पायऱ्या चाचपत मागून आले. मालकीणबाई, त्या क्षणी मला तुमची थोडी भीती वाटली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

तर मयत आता तळघरात पडतो. अलार्म वाजलेला नसतो. का वाजला नाही, ते पुस्तकात.

माझी सगळ्यात आवडती खूण मात्र ग्लासातली. पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा बिअरचा ग्लास, भरणं हा सोहळा मी आधीही पाहिला होता. ग्लास तिरका धरायचा, पाऊण भरायचा, काउंटरवर ठेवून द्यायचा, ढवळलेला तपकिरी रंग खालून काळा होत जाईपर्यंत थांबायचं, मग वरचा भाग भरायचा. गिनेस ही स्टाउट बनवणारे या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगतात. तो अर्धा सेकंद कुणी मोजला देव जाणे. आमच्या लिमरिकच्या विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये ग्लासाच्या कडेनं बुडबुडे खाली का जाताना दिसतात याचंही उत्तर काढलं, ग्लासाचा वर रुंद होत जाणारा आकार त्याला कारणीभूत. पण रिकाम्या ग्लासाकडे बघायला मला तुम्ही शिकवलंत. प्रत्येक घोटाला आत फेसाची एक कडी राहते. तुम्ही दोन ग्लास दिव्यासमोर धरलेत. एकात पाच रुंद कड्या, दुसऱ्यात पंधरा-सोळा बारीक, एकीला लागून एक. "हा तहानलेला माणूस. आणि हा बोलायला आलेला माणूस." कथेत माझ्या मयताच्या ग्लासात बारीक कड्या निघतात. तो तर उभ्या आयुष्यात पाच घोटांत पाइंट संपवणारा. म्हणजे त्याचा ग्लास भलत्याच कुणीतरी प्यायला, आणि तेव्हा मयत आधीच खाली तळघरात होता. एवढी स्वच्छ खूण मला दहा पुस्तकं वाचून सुचली नसती.

राउंडचंही तसंच. चौघे बसले की प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांसाठी मागवायचं, आणि आपली पाळी यायच्या आत उठून जाणाऱ्याची गावात वर्षानुवर्षं चर्चा व्हायची. तुमच्या मते माणूस खून केलेला लपवू शकेल, राउंड चुकवलेला लपवू शकणार नाही. त्या रात्रीचा वेळेचा सगळा हिशेब माझी बाई कुणी कितवा राउंड दिला यावरून मांडते. घड्याळ कुणी बघितलेलं नसतं, पण पैसे कुणी दिले ते सगळ्यांना आठवतं.

वेळेचा दुसरा पुरावा गाण्याचा. वाजवणारे कोपऱ्यात बसलेले असताना, फिडल, बासरी, कॉन्सर्टिना जोरात चालू असताना, कोण उठला कोण बसला याकडे कुणाचं लक्ष नसतं. लोक गप्पा मारतात, मागवतात, हसतात. पण कुणी साथीशिवाय गायला लागलं की तुमच्याकडे नळसुद्धा बंद होतो. तुम्हांला अर्धा भरलेला पाइंट हातात धरून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. म्हणून खालचा धप्प आवाज ऐकू यायचा तर तो गाण्यातच, आणि कुठल्या कडव्याला आला हे सांगायला सगळा पब साक्षीदार.

दारू प्यायलेल्यांची साक्ष कोण मानणार, ही माझी शंकाही तुम्ही मोडीत काढलीत. २०१८ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा आणखी कडक झाला. तेव्हापासून दर टोळक्यात एक जण बिनदारूची बिअर घेऊन कंटाळलेल्या चेहऱ्यानं बसलेला असतोच. त्याला सगळं दिसतं. माझ्या कथेत तो एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, आजोबांना घरी न्यायला आलेला, आणि तो बोलत नाही. का बोलत नाही यावर दोन प्रकरणं आहेत.

कायद्याचं बोलायचं तर कोरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, १८४६ चा तो कायदा तुमच्या तोंडून ऐकला तेव्हा मला थाप वाटली होती. कुठे प्रेत सापडलं की पुढची व्यवस्था होईपर्यंत ते जवळच्या पबात ठेवायचं, कारण गावात तळघराइतकी थंड जागा दुसरी नाही! ती तरतूद १९६२ च्या नव्या कायद्याबरोबर गेली. एकाच छपराखाली पब आणि अंत्यविधीचा धंदा अशी जोडदुकानं या देशात का झाली असतील, याचाही थोडा उलगडा झाला. कोरोनर आम्हां मुंबईकरांना अगदीच नवा नाही, आमच्याकडे तो १९९९ पर्यंत होता. पण तुमच्याकडे तो आजही मयत कोण, कधी, कुठे आणि कसा गेला एवढंच ठरवतो, दोष कुणाचा हे सांगत नाही. रहस्यकथेला याहून सोयीची जागा नाही. चारही उत्तरं मिळतात आणि खुनी त्या सुनावणीत तिसऱ्या रांगेत बसून मान हलवत असतो.

शिवाय पोलीसही वेळेवर येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत देशभरातली १३९ गार्डा, म्हणजे आयरिश पोलिसांची, ठाणी बंद झाली, बहुतेक खेड्यांतली. कथेतला सार्जंट दुसऱ्या गावाहून येतो, साधी वर्दी, कमरेला बंदूक नाही, आणि आल्या आल्या काउंटरशीच विचारतो, "काय झालं?" आता पबाची मालकीण तपास का करते, असं कुणी विचारणार नाही.

मर्तिकाच्या घरी मला सोबत नेलंत त्याबद्दल काय लिहू? आमच्याकडे सुतक, तेरा दिवस, सगळं पाहिलेलं. तिथे वाटलं होतं परकं वाटेल. खिडकी उघडी, घड्याळ थांबवलेलं, आरशावर कापड, बैठकीत उघडी शवपेटी आणि स्वयंपाकघरात सँडविचच्या राशी, चहावर चहा. रांगेनं जाऊन घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचं. मग हळूहळू हशा सुरू होतो, मेलेल्या माणसाच्याच गोष्टींवर. बाहेर पडताना तुम्ही गाडीत बसल्या बसल्या कोण कोण आलं नव्हतं ते सांगितलंत. सकाळी रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात, आता आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावरही येतात, त्यामुळे "मला कळलंच नाही" ही सबब तुमच्याकडे चालत नाही. न आलेल्या माणसाकडे कारण असावंच लागतं. पुस्तकातलं सातवं प्रकरण सगळं त्या गाडीतल्या पंधरा मिनिटांवर उभं आहे.

आता हेतू. मी शेताच्या बांधाचं भांडण धरून चालले होते, तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, बांधावरून डोकी फुटतातच. तुम्ही मला लायसन्स दाखवलंत, बाटल्यांच्या मागे चौकटीत लावलेलं. नवं हवं असेल तर जुनं एखादं विकत घेऊन रद्द करावं लागतं, आणि २००० च्या कायद्यानंतर खेड्यातल्या पबाचं लायसन्स घेऊन शहरात सुपरमार्केटला दारू विकता येते. २००५ पासून या देशातले दोन हजारांहून जास्त पब बंद झाले. तुमच्या रस्त्यावरचे कुठले कुठले, ते तुम्ही बोटानं दाखवत गेलात, आता तिथे पडदे लावलेल्या खिडक्या आहेत. त्या दिवशी तुम्ही फार बोलला नाहीत. मी खुनाला हेतू मिळाला म्हणून मनातून खूश होते आणि तसं दाखवायची लाज वाटत होती. चौकटीतला कागद विकला की गावानं संध्याकाळी जायचं कुठे, या प्रश्नावरून माझ्या कथेत माणूस मारला जातो. मारणारा वाईट माणूस नाही, हे लिहायचं बळ तुमच्या त्या गप्प बसण्यातून आलं.

पोस्टमन आजोबांनाही नमस्कार सांगा. २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हापासून ते समोर दिसेल त्या भारतीयाला "त्यांच्या गावची का?" असं विचारतात म्हणे. वराड मालवणजवळ, माझं घर डोंबिवलीला, हे मी नकाशा काढून समजावलं आहे. त्यांनी तो नकाशा खिशात घातला आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारलं.

पुस्तक दिवाळीच्या आधी येईल. एक प्रत तुमच्या नावानं पाठवते, तुम्हांला वाचता येणार नाही तरी खुनी कोण हे तुम्हांला माहीतच आहे. काउंटरवर कुणी विचारलं तर सांगू नका, निदान पोस्टमन आजोबांना तरी नको. पुढच्या पुस्तकात चर्चच्या गायनमंडळातल्या त्या बाईंना मारावं असं तुम्ही दोनदा सुचवलंत. दोन्ही वेळा तुम्ही हसत नव्हता. मी त्यांचं स्टूल कुठलं ते बघून ठेवलं आहे.

तुमची,
शेकोटीच्या उजव्या हाताला, भिंतीलगत बसणारी