बायडोआ आठवा, सुदानकडे बघा

संपादक महोदय, सस्नेह नमस्कार.

सुदानमधे एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, तिथल्या झमझम या विस्थापितांच्या कॅम्पमधे २०२४ ला दुष्काळ जाहीर झाला, आणि आपल्याकडे कुणाला पत्ताच नाही, पेपरात पण कोपऱ्यात चार ओळी. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या देवळाली कॅम्पात एक रिटायर्ड सुभेदार काका राहतात, १९९३ ला आपली ब्रिगेड युनोच्या मिशनवर सोमालियाला गेली तेव्हा ते तिथल्या बायडोआ शहरात होते. ते सांगतात, धान्याची गोणी फाटली की पोरं मातीतून एकेक दाणा वेचायची, मूठ घट्ट मिटून पळायची. हे सांगताना काकांची स्वतःची मूठ मिटते, मी बघितलंय.

सोमालियात जानेवारी १९९१ मधे हुकूमशहा सियाद बारे पळाला आणि टोळ्या एकमेकांवर तुटून पडल्या, धान्याचे ट्रक लुटायचे, म्हणजे नुसतं धान्य पाठवून भागत नव्हतं, ते पोचवायला बंदूकवाला लागायचाच. पण पुढं टोळीच्या एका सरदाराला पकडायच्या नादात राजधानी मोगादिशूत ऑक्टोबर १९९३ ला १८ अमेरिकन सैनिक गेले, अमेरिकेनं मार्च १९९४ पर्यंत सैन्य काढून घेतलं. आपल्या लोकांनी मात्र बायडोआकडं बंदोबस्ताबरोबर विहिरी खोदल्या, दवाखाने चालवले, आपले जवान आणि डॉक्टरही तिथं गेले हो.

माझं एवढंच म्हणणं आहे, सुदानसाठी आपल्या सरकारनं युनोत जोर लावावा, आधी धान्याचे रस्ते मोकळे करा म्हणावं, आणि तुमच्या पेपरनं रोज एक कॉलम तरी द्यावा.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक