‘उद्या या’ न म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव आणि तुमची लॅब ज्यात आहे त्या हॉस्पिटलचं नाव या पत्रात घालत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण हे पत्र वाचलंत तर ते तुम्हालाच आहे हे तुम्हाला बरोबर कळेल.

आईच्या छातीतल्या गाठीची बायोप्सी झाली, म्हणजे तपासायला गाठीचा छोटा तुकडा काढला, तेव्हा ‘दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येईल’ असं आम्हाला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवसापासून काउंटरवर एकच उत्तर सुरू झालं, ‘उद्या या.’ उद्या गेलं की ‘सही राहिलीय, संध्याकाळी बघा.’ संध्याकाळी ‘सोमवारी नक्की.’ कवठेमहांकाळच्या बाजूनं येणाऱ्या बाईला एसटीचं तिकीट अर्धं पडत असेल, दिवस मात्र पुरता जातो. पण दिवसाचंही एक वेळ सोडा. दर ‘उद्या’ला मनाची तयारी करून यायचं, आज कळणार म्हणून पोटात गोळा घेऊन बाकावर बसायचं आणि काहीच न कळता परत जायचं, याला माणूस पुरा पडत नाही. शिवाय उशीर झाला की मन स्वतःच त्याचा अर्थ लावतं. वाईट आहे, म्हणूनच सांगत नाहीत.

आई काही विचारायची नाही. मी घरात शिरले की ती फक्त माझ्या पिशवीकडे बघायची, तिच्यातून फाइल निघते का ते. बेदाणा निवडायला शेडवर जाणंही तिनं थांबवलं होतं. का, तर उद्या रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी लगेच बोलावलं तर?

अशात मी थेट लॅबच्या दारात येऊन उभी राहिले, जिथे तुकडे टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांना झोंबतो तिथे. तुम्ही हातमोजे काढत बाहेर आलात, नंबर विचारलात, रजिस्टर पाहिलंत आणि म्हणालात, “स्लाइड तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पाहिली आहे. त्यांनी आणखी तपासण्या लिहिल्यात. त्या इथे होत नाहीत, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, पुण्याला जाणार. सोमवारी रिपोर्ट मिळणार नाही, सोमवारी येऊ नका.”

तारीख पुढे गेली होती. तरीही इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

आणखी तपासण्या म्हणजे कॅन्सरच ना, असं मी विचारलं. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत आणि घाबरवलंही नाहीत. “निदान पक्कं करायलाही त्या लागतात आणि कुठलं औषध चालेल ते ठरवायलाही लागतात. आजार काय आहे ते डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही. तुकडा कुठे आहे ते मात्र मी सांगू शकते.” आणि तुम्ही ते सांगितलंत. दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉक ट्रेमधून काढून तुम्ही मला लांबूनच दाखवलात. पांढऱ्या मेणात रुतलेला तांबूस ठिपका, त्याला प्लास्टिकची चौकट आणि चौकटीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. पेन्सिलच का, हेही सांगितलंत. पुढे अल्कोहोल आणि झायलीनमधून जाताना शाई निघून जाते आणि नंबर पुसला तर माणूस बदलतो.

त्या नंबरानं मला फार धीर दिला, ताई. तोवर माझ्या मनात आईचा तुकडा कुठेतरी हरवला होता.

मग सगळा प्रवास कळला. छातीचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ तास मुरावा लागतो आणि ७२ तासांपुढे ठेवू नये, नाहीतर पुढच्या तपासण्या फसव्या येऊ शकतात. छातीत चरबी जास्त, त्यामुळे इथे घाई करून चालत नाही. मग मशीनमध्ये रात्रभर त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरायचं. मग ब्लॉक. मग मायक्रोटोम या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे काप घ्यायचे, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही कितीतरी पातळ, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. मग रंग, ज्यात पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकीचं गुलाबी. आणि मग कुठे पॅथॉलॉजिस्ट मॅडमची नजर. यातलं कुठलं काम ठरलेल्या वेळेत होतं आणि कुठे वेळ सांगता येत नाही, हे तुम्ही वेगवेगळं करून सांगितलंत. मशीनची रात्र ठरलेली असते. पण मॅडमना आणखी खोलवरचे काप हवे असले, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं, मार्करचा, म्हणजे कुठलं औषध चालेल ते सांगणाऱ्या खुणेचा, निकाल अधलामधला आला, तर दिवस वाढतात. म्हणजे उशीर हा काळजीपूर्वक बघण्याचाही असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि शेवटी तुम्ही जे म्हणालात ते मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं. “गुरुवारी चारनंतर फोन करा. आला असेल तर सांगेन, नसेल तर नाही म्हणून सांगेन आणि पुढचा दिवस तेव्हाच देईन. मधे करू नका, मधे मलाही काही कळणार नाही. घरी मात्र उशिरातला उशिराचा दिवस सांगा.”

गुरुवारी रिपोर्ट आला नव्हता. हर-टू नावाच्या मार्करचा निकाल दोन प्लस, म्हणजे होय आणि नाहीच्या मधला आला होता, आणि अशा वेळी फिश ही वेगळी तपासणी करावी लागते. तुम्ही नवा दिवस दिलात. पण गुरुवारपर्यंतचे दिवस आमचे होते. आई शेडवर गेली. मी रात्री झोपले. फोन वाजला की दोघींचं काळीज हलायचं, ते थांबलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा २०१६ मधला एक प्रयोग मी नंतर वाचला. संगणकावरच्या खेळात दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका बसणारच हे ठाऊक असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त तो बसण्या-न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. वाचून मला तुमचं दार आठवलं.

काउंटरवरच्या माणसांवर माझा राग नाही. समोर रांग असते, आतलं त्यांना कुणी कळवत नाही आणि ‘उद्या’ म्हटलं की माणूस निदान शांतपणे परत जातो. पण माझं मत आता पक्कं झालंय. माहीत नसताना दिलेली जवळची तारीख ही दया नव्हे. तिच्यापेक्षा ‘सोमवारी येऊ नका’ हे लाखपट बरं.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. त्यामुळे हे आभार चांगल्या बातमीचे नाहीत, तिची वाट बघताना तुम्ही आम्हाला सावरलंत त्याचे आहेत. केमो सुरू आहे आणि त्यातही वाट बघणं आहेच. सकाळच्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर त्या दिवशीचा डोस पुढे जातो. आता मी ‘कधी होईल’ असं विचारत नाही. गोष्ट सध्या कुठे आहे आणि पुढचं काही कळायला मी कुणाला, कधी विचारू, एवढंच विचारते. बहुतेक वेळा नीट उत्तर मिळतं. गेल्या खेपेला बाकावर एक आजोबा नातवाच्या रिपोर्टसाठी हेलपाटे घालून रडकुंडीला आले होते. त्यांनाही मी हेच दोन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून दिले.

एक विनंती आहे. तुकडा कुठून कुठे जातो, कुठे ठरलेला वेळ लागतो आणि कुठे वाढू शकतो, हे सोप्या मराठीत लिहून काउंटरजवळ लावता येईल का? मिरजेला सीमेपलीकडूनही पुष्कळ लोक येतात, तेव्हा शेजारी कानडीतही हवं. तुमच्या मॅडमची परवानगी तुम्ही मिळवा. मराठी मजकूर मी लिहून आणते, तपासून मात्र तुम्हीच द्या. आईचा पुढचा डोस मंगळवारी आहे, पेशी बऱ्या असल्या तर. त्या दिवशी जमलं नाही तर पुढच्या खेपेला येते.

तुमची,
एका पेशंटची मुलगी