हवालदार काका, आभार राहिले होते

तीर्थस्वरूप हवालदार काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही होतात तेव्हा आभार मानायला गेलं की "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलायचात. गेल्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. गल्लीतले माग त्या दिवशी बंद होते. पंगतीत बसल्यावर लक्षात आलं, इथल्या कितीतरी बायकांची पेन्शनची कागदं तुमच्या हातून गेली आहेत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

२००८ साली बाबा गेले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं होतं, पण कागद परत आले. फौजेच्या नोंदीत आईचं नाव एक, रेशनकार्डावर आणि पासबुकावर दुसरं. लग्नात सासरी नाव बदललेलं, आपल्याकडे बदलतातच. चौदा महिने आम्ही या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. आई विड्या वळायची. मजुरी हजारी हिशेबाने, त्यामुळे खिडकीवर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी.

तुम्हीही फौजेतून निवृत्त झालेले, मागच्या गल्लीत राहायचात, ओळख रामरामापुरती. तरी बाबांचं डिस्चार्ज बुक घेऊन ओट्यावर बसलात आणि पानन् पान वाचलंत. सोलापुरी चादरीच्या तुकड्याची ती तुमची पिशवी, तिच्यात मागाच्या सुताने बांधलेले एकेका घरच्या कागदांचे गठ्ठे, मला अजून दिसतात. वाचून झाल्यावर चष्मा काढलात नि म्हणालात, "वहिनी, यात चूक कुणाचीच नाही. पलटणीत बायकोचं नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा त्याने तुमचं माहेरचं नाव सांगितलंय. त्याच्या तोंडात तेच असणार."

आई म्हणाली, "परत वाचा." तुम्ही परत वाचलंत. मग तिसऱ्यांदा, तिने न सांगता.

त्यानंतरचं सगळं तुम्हीच उरकलंत. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला अर्ज, आणि शेवटी बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. रात्रीच्या एसटीने आपण तिघं निघालो. तुमचे गुडघे धरलेले, तरी खिडकीची जागा आईला दिलीत, आणि तिकिटाचे पैसे तुम्हीच काढलेत. सकाळी फाटकाच्या अलीकडे एका नळावर तोंड धुतलंत, रुमालाने बूट पुसलेत, भांग पाडलात. निवृत्त होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. पहाऱ्यावरच्या पोराने नाव-नंबर विचारला तर तुम्ही ताठ उभे राहून एका दमात सांगितलात. गुडघे दुखणारा माणूस हाच का, असं मला वाटलं.

परतीच्या गाडीत मी युद्धाचं विचारलं. तुम्ही मोजकंच बोललात. १९७१, पूर्व आघाडी, ब्रह्मपुत्रेकाठचं जमालपूर. शत्रूला शरण येण्याचं पत्र पाठवलं तर त्याने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्यांची तुकडी वेढा फोडून निघू पाहत होती, पण वाटेवर '१ मराठा' ही आपली पलटण बसलेली होती. ११ तारखेला जमालपूर पडलं, १६ ला ढाका. एवढं सांगून झालं आणि तुम्ही तुमच्या आईबद्दल बोलायला लागलात, ते पार सोलापूर येईपर्यंत.

१९९२ ला घरी आलात तेव्हा आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवणं, लुगडं धुणं, वेणी घालणं, सगळं स्वतःकडे घेतलंत. वेणी घालायला काकूंकडून शिकलात म्हणे. "चोवीस वर्षं हिने एकटीने घर ओढलं, आता माझी पाळी," हे तुमचे शब्द. माझ्या लेखी तुमच्या सगळ्या पदकांच्या वर हे आहे, आणि हे कुठल्याही डिस्चार्ज बुकात लिहिलेलं नाही.

किल्लारीचं मात्र तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. पंगतीत एका रिक्षावाल्या दादांकडून कळलं. १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपलेली, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आपल्या इथेही भांडी पडली होती. दिवस वर यायच्या आत तुम्ही गल्लीतली पोरं आणि मागवाल्यांकडून मागितलेल्या चादरी टेम्पोत घालून निघालात. तिकडची घरं दगडमातीची, जाड भिंतींची; माणसं त्याखाली. पोरं कुदळ घेऊन धावली तर तुम्ही अडवलंत. आधी सगळ्यांना गप्प बसायला लावलंत, जमिनीला कान लावायला सांगितलंत, आणि मग एकेक दगड हाताने काढायला लावलात. "त्या दिवशी ऐकायला शिकलो," दादा म्हणाले आणि पुढचा घास त्यांना गिळवेना.

काका, आईची पेन्शन थकबाकीसकट मिळाली. माझं डी.एड. त्यातून झालं. आधी अंगठा उठवणारी आई तुम्ही गिरवून घेतलंत म्हणून सही करते, आणि सही माहेरच्याच नावाची करते. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यावर ती सही करताना मी बाजूला उभी असते.

बेळगावला निघताना काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, तो स्टीलचा डबा अजून आमच्या फडताळात आहे. इतक्या वर्षांत परत द्यायचा राहिला. येत्या रविवारी आई तो घेऊन काकूंकडे येणार आहे. रिकामा नाही आणणार. काल संध्याकाळपासून शेंगा निवडत बसली आहे.

तुमची,
मागच्या गल्लीतली लेक