अण्णांच्या नावाने आलेली पार्किंगची नोटीस

12 मार्च

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

नोटिशीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले, नीट वाचले. अण्णांच्या, म्हणजे तुझ्या गेलेल्या सासऱ्यांच्या, नावाने असं पाकीट आलं की विहीणबाईंना काय वाटलं असेल ते कळतं. पण "कशाला कटकट, उद्यापर्यंत साठ पौंडांत मिटतंय तर मिटवू" हे करू नका. पैसे भरले की तो आकार, म्हणजे चार्ज, मान्य केल्यासारखं होतं, अपीलाचा रस्ता बंद होतो. आणि ते पाकीट देवघराच्या खणात टाकून विसरून जाणं त्याहून वाईट.

आधी हा कागद काय आहे ते बघ. वर 'पार्किंग चार्ज नोटीस' लिहिलंय. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, असते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. दोन्हींची आद्याक्षरं तीच, पीसीएन, आणि खासगी कंपन्यांना हा सारखेपणा सोयीचाच आहे. तुमच्याकडे आलेला हा सरकारी दंड नाही. सुपरमार्केटच्या जागेवर पाटी लावणाऱ्या कंपनीने पाठवलेलं ते बिल आहे: पाटी वाचून गाडी लावली म्हणजे करार झाला, दोन तासांची मर्यादा ओलांडली म्हणजे करार मोडला, म्हणून शंभर पौंड, उद्यापर्यंत भरले तर साठ. "खासगी आहे, केराच्या टोपलीत टाका" हा सल्ला देणारे भेटतील. तो सल्ला शिळा झाला. 2015 साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात चेम्सफर्डच्या एका कार पार्कमधला 85 पौंडांचा असाच आकार वैध ठरवला आहे.

आता दोन तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिही. अण्णा पुण्यात वारले 11 जानेवारीला. लेस्टरमधल्या त्या सुपरमार्केटच्या कॅमेऱ्याने त्यांची गाडी टिपली 22 फेब्रुवारीला. तुमचं सगळं प्रकरण या दोन ओळींत आहे.

कंपनीला फक्त नंबर प्लेट दिसते. चालवत कोण होतं ते तिला माहीत नसतं. ती डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याला, अडीच पौंड देऊन नोंदणीवरचं नाव-पत्ता घेते आणि तिकडे नोटीस पाठवते. ड्रायव्हर सापडला नाही तर गाडी बाळगणाऱ्याकडून, म्हणजे 'कीपर'कडून, पैसे मागायचा हक्क तिला प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट 2012 च्या चौथ्या परिशिष्टाने दिलाय. पण त्याच परिशिष्टात कीपरची व्याख्या आहे: गाडी लावली त्या वेळी ती ज्याच्याकडे होती तो. नोंदणीवरचं नाव हे केवळ गृहीत धरायला, उलट सिद्ध होईपर्यंत. सहा आठवड्यांपूर्वी गेलेला माणूस गाडी चालवत नाही आणि बाळगतही नाही. मृत्यूचा दाखला म्हणजे ते 'उलट सिद्ध होणं'.

नोटिशीची मुदतही तपासली. काचेवर काही चिकटवलं नव्हतं, नुसता कॅमेरा होता; अशा वेळी नोटीस गाडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवसांत पोचावी लागते, म्हणजे 8 मार्चपर्यंत. नोटीस शुक्रवारी, 27 फेब्रुवारीला टाकलेली. टपालाने ती दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचली असं धरतात, म्हणजे मंगळवार, 3 मार्च. तेव्हा "उशिरा आली" हा मुद्दा तुमच्याकडे नाही, तो लिहून पत्र पातळ करू नका. गंमत अशी की हीच मुदत आता कंपनीच्या अंगावर येते. आज 12 तारीख. खऱ्या कीपरला नवी नोटीस काढायची म्हटली तरी ते 14 दिवस उलटून गेले. मग त्यांच्या हातात उरतो फक्त ड्रायव्हर, आणि तो कोण हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

म्हणून ड्रायव्हरचं नाव लिहायचं नाही. पोलिसांनी विचारलं तर सांगावंच लागतं, तो कायदा वेगळा आहे. खासगी पार्किंग कंपनीला सांगायची सक्ती नाही. खोटं मात्र एक अक्षरही लिहायचं नाही. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलीस ना, तो इथे कामाला येतो: "गाडी लावली गेली". नाहीतर गाडीलाच कर्ता करा: "गाडी आत आली, बाहेर पडली". "आम्ही खरेदीला गेलो होतो, लाइन मोठी होती, म्हणून उशीर झाला" असं एक वाक्य गेलं की आमचा जावई निखिल आणि तू, दोघंही ड्रायव्हरच्या यादीत. बहुतेक माणसं इथेच फसतात. प्रामाणिकपणे सगळी हकीकत सांगायला जातात आणि कंपनीला जे मिळत नव्हतं ते स्वतःच्या हाताने देतात.

अपील कंपनीच्या वेबसाइटवरून करायचं. तिथे 'तुम्ही कोण' असा रकाना असतो: ड्रायव्हर, नोंदणीकृत कीपर, इतर. अण्णांचं नाव आधीच भरून आलेलं दिसेल आणि घाईत 'ड्रायव्हर'वर बोट पडतं. 'इतर' निवडा. तसा पर्यायच नसेल तर वेबसाइट सोडा आणि नोटिशीवरच्या पत्त्यावर साधं पत्र टाका, पोस्टातून 'प्रूफ ऑफ पोस्टिंग' घेऊन. ते फुकट मिळतं. अण्णांच्या नावाने सही कोणी करायची नाही, विहीणबाईंनीही नाही. मृत्युपत्रात निखिल एक्झिक्युटर आहे, म्हणजे अण्णांच्या मागे त्यांची देणी-घेणी बघणारा, तेव्हा पत्र त्याचं, "अण्णांच्या इस्टेटीच्या (मागे राहिलेल्या मालमत्तेच्या) वतीने" असं स्पष्ट लिहून.

पत्र सहा-सात ओळींचं पुरे. वर नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर. मग: ज्यांच्या नावे नोटीस आहे ते अमुक तारखेला वारले, दाखल्याची प्रत सोबत. पार्किंग त्यानंतरचं आहे, त्यामुळे ते ड्रायव्हर नव्हते आणि परिशिष्ट 4, परिच्छेद 2 नुसार कीपरही नव्हते. हा आकार त्यांच्या हयातीत लागलेला नाही, म्हणून इस्टेटीचं देणंही नाही. नोटीस रद्द करून तसं लेखी कळवा, मृत व्यक्तीचा तपशील तुमच्या नोंदींतून काढा, यापुढचा पत्रव्यवहार फक्त माझ्याशी करा. अपील फेटाळणार असाल तर स्वतंत्र संस्थेकडे अपील करायचा कोड द्या. संपलं. संतापाचं वाक्य हवं असेल तर एक लिहा, दोन नकोत. मुदत नोटिशीच्या तारखेपासून 28 दिवस, म्हणजे 27 मार्च. पण या रविवारीच बसा.

दाखला पुणे महापालिकेचा आहे, मराठी-इंग्रजी दोन्हींत, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारणही छापलेलं असतं. तसला पाठवायची वेळ कोणावर आली तर स्कॅन करताना त्या चौकटीवर कोरा कागद ठेवावा. पार्किंग कंपनीला तारीख आणि नाव हवं, आजार नको. मूळ प्रत कुठेही पाठवू नका.

पत्राबरोबर दुसरा रस्ताही धरा, तो कधीकधी जास्त लवकर पोचतो. जागा सुपरमार्केटची आहे, पार्किंग कंपनी त्यांनी नेमलेली आहे. स्टोअरच्या मॅनेजरला नोटीस, दाखला आणि त्या दिवसाच्या खरेदीची पावती दाखवली तर तो रद्द करायला सांगू शकतो. पावती फेकली असेल तर बँकेच्या स्टेटमेंटमधली ओळ चालते. फक्त इथेही तोंडी बोला, खरेदी कोणी केली ते ईमेलमध्ये लिहून ठेवू नका.

कंपनीने नकार दिला तर नोटिशीच्या मागचं चिन्ह बघ. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर पोप्लाकडे, आयपीसी या दुसऱ्या संघटनेची असेल तर आयएएसकडे; अपील ऐकणाऱ्या या दोन संस्था. अपील मोफत आहे. पोप्लाचा निकाल कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. तिथे दुःख, आजारपण, दिवसकार्य यांचं वजन जवळजवळ शून्य. "त्या वेळी कीपर कोण होता" या मुद्द्याचं पूर्ण.

त्यानंतर वसुलीवाल्यांची लाल अक्षरांतली पत्रं येतील, सत्तर पौंड वाढवून. ते बेलिफ, म्हणजे कोर्टाचे जप्तीवाले, नव्हेत, दारात उभं राहण्यापलीकडे त्यांना अधिकार नाही. त्यांना एकदाच दाखल्याची प्रत पाठवा आणि सोडून द्या. पण दोन कागदांना उत्तर दिलंच पाहिजे. 'लेटर ऑफ क्लेम', म्हणजे दावा लावण्याआधीची नोटीस, आलं तर 30 दिवसांत. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर तो पोचल्यापासून 14 दिवसांत पोच द्यायची, म्हणजे बचाव दाखल करायला एकूण 28 दिवस मिळतात. मेलेल्या माणसावर दावा चालत नाही; तो एक्झिक्युटरवर किंवा 'इस्टेट'वर लावावा लागतो. पण हे कोर्टाला आपणहून कळत नाही. कोणी कळवलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि तो रद्द करून घ्यायला एन244 अर्ज आणि त्याची फी, दोन्ही तुमच्या गळ्यात. तेव्हा विहीणबाईंना सांग, अण्णांच्या नावाचं प्रत्येक पाकीट फोडायचं आणि फोटो काढून निखिलला पाठवायचा, जाहिरात वाटली तरी.

अण्णा हयात असतानाचं एखादं जुनं पार्किंग यातून निघालं तर हिशेब वेगळा. ते देणं खरं असेल तर इस्टेटीचं, बायको-मुलांचं नाही. भरायचं ठरलं तर इस्टेटीच्या खात्यातून, निखिलच्या कार्डावरून नाही. आणि माहीत असलेलं देणं बाजूला न ठेवता त्याने इस्टेट वाटून टाकली, तर तेवढ्यापुरता तो स्वतः अडकतो.

आणि तुझी नणंद ग्लासगोला आहे म्हणून सांगतो: कीपरवर जबाबदारी ढकलायची ही तरतूद इंग्लंड-वेल्सची. स्कॉटलंडमध्ये ती नाही. हे पत्र तिने जसंच्या तसं उतरवू नये.

खरी काळजी मला शंभर पौंडांची नाही, विम्याची वाटते. अण्णा गेले आणि पॉलिसी त्यांच्या नावावर असेल, तर निखिलचं नाव त्यावर 'नेम्ड ड्रायव्हर' म्हणून असलं तरी संरक्षण उरलंय असं धरून चालू नका. विनाविमा गाडी चालवताना पकडलं तर 300 पौंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. विमा कंपनीला आज फोन करा. कंपनी सांगेल तोपर्यंत गाडी दारातच उभी राहू दे.

मग डीव्हीएलए. लॉगबुकचा, म्हणजे व्ही5सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा, दुसरा भाग निखिलच्या नावाने भरा. सोबत पत्र: अण्णांशी नातं, मृत्यूची तारीख, रोड टॅक्सचा परतावा कोणाच्या नावे काढायचा. पत्ता सेन्सिटिव्ह केसवर्क टीम, डीव्हीएलए, स्वान्झी. कळवलं की अण्णांचा टॅक्स रद्द होतो; तो गाडीबरोबर निखिलकडे जात नाही, नवा भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, मात्र गाडीचीच, ती चालू राहते. लॉगबुक सापडत नसेल तर पोस्टातून नवं लॉगबुक मागायचा व्ही62 फॉर्म आणा, त्याला 25 पौंड पडतात. अण्णांना कागद पंचांगात ठेवायची सवय होती, तिथे बघ आधी.

पत्राचा मसुदा झाला की पाठवण्यापूर्वी मला फोटो टाक. "आम्ही" कुठे राहून गेलंय का तेवढं बघतो.

तुझे,
बाबा