ड्रोन शो झाला, आता कामाच्या थव्याचं बोला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ड्रोन शोचे फोटो आले की लगेच चर्चा सुरू, ड्रोनचा थवा आला, आता पालिकेनं पण घ्यावा. अहो पण तो कामाचा थवा नव्हे. २०२२ च्या बीटिंग रिट्रीटला दिल्लीत १००० ड्रोन उडाले, आयआयटी दिल्लीतून निघालेल्या स्टार्टअपचं काम, अभिमान आहेच, पण अशा शोमधे कुणी कधी कुठं जायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि ड्रोन सगळे एकसारखे.

आमच्या नवी मुंबईतल्या टीटीसी एमआयडीसीत केमिकल कंपनीला आग लागली तर ठरवून काय ठेवणार? तिथं थर्मल कॅमेरावाला हवा टाकी किती तापली बघायला, गॅस सेन्सरवाला धूर जातोय त्या बाजूला, आणि विमानासारखा पंखवाला वर फिरत सिग्नल पोचवायला. खरी डोकेदुखी इथंच आहे, कारण पंखवाल्याला हवेत थांबता येत नाही आणि क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, थांबतो पण त्याची बॅटरी लगेच उतरते. क्रेग रेनॉल्ड्स ह्या कॉम्प्युटर तज्ज्ञानं १९८७ मधे थव्याचे तीन नियम मांडले, धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेनं उडा, घोळका सोडू नका, पण ते एकाच जातीच्या पाखरांना ठीक. ठाण्याच्या दहीहंडीत खालच्या थराला दणकट गडी आणि वर हलकं पोर लागतं, तसंच इथं कोण कशाला हे सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे. त्याची एक पद्धत म्हणजे चक्क लिलाव, काम निघालं की प्रत्येक ड्रोन आपलं अंतर, बॅटरी, सेन्सर बघून बोली लावतो आणि ज्याला स्वस्तात पडेल तो जातो. एकाची बॅटरी संपली की परत बोली.

वीस ड्रोनना वीस रिमोट देऊन काही होत नाही. माणसानं "ती शेड तपासा" एवढं सांगायचं, वाटणी त्यांनी करायची, पण सगळ्यांना परत बोलवायचं बटण मात्र माणसाच्याच हातात. त्यात आता उलव्याला विमानतळ, कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमधे २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि खाडीवर फ्लेमिंगो असतात ते वेगळेच. ह्या हद्दी ड्रोनच्या सॉफ्टवेअरमधे आधीच भरलेल्या हव्यात, आग लागल्यावर कोण नकाशे उघडत बसणार!

पालिकेनं टेंडर काढलंच तर ड्रोन किती आणि कॅमेरा केवढा एवढंच विचारू नये. डेमोत न सांगता दोन ड्रोन खाली उतरवा, एकाचं सिग्नल तोडा, उरलेले काय करतात बघा. आणि डेमो मैदानात नको, पत्र्याच्या शेडमधे घ्या, जिथं जीपीएस दगा देतो.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे