ताई, तुम्ही दिलेली वही अजून चालू आहे

ताईंना सप्रेम नमस्कार,

तुम्ही पुण्याला गेलात त्याला चार महिने झाले. निघताना घाईत नीट बोलणं झालं नाही, ते मनात राहिलंय. माझं अक्षर आता ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होतं, म्हणून नातीला सांगून टाइप करून घेतोय. चारचौघांनी वाचावं असंच लिहितोय. माझ्यासारखे पुष्कळ जण ‘वय झालं’ म्हणत गप्प सोसत असतील.

एकतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्तीनंतर डावा खांदा आखडला तेव्हा सगळे म्हणाले, गिअर टाकून टाकून गेला. मलाही ते पटलं. दोन वर्षं तेल, शेक, मशीन चालू होतं. मग एका डॉक्टरांच्या लक्षात आलं की चालताना माझा डावा हात हलतच नाही. हात कधी थरथरला नव्हता, त्यामुळे कंपवात (पार्किन्सन्स) असेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गोळ्यांनी खांदा सुटला, पण थकवा काही जाईना. आंघोळ करून आलो की शर्टाची बटणं लावायचंही त्राण नसायचं. घरातले वाईट नाहीत, पण ‘जरा हिंडाफिरा, नुसतं बसून अंग जड होतं’ हे दिवसातून दहादा ऐकलं की माणूस स्वतःलाच आळशी समजायला लागतो. तुम्ही मला बघायला घरी आलात, त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलंत, ‘काका आळस करत नाहीत. हा थकवा आजाराचाच भाग आहे.’ ताई, त्या रात्री मी रडलो.

पहाटे पाय आखडून दुखतो हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, ‘दुखतं तेव्हाच मला बघायचंय,’ आणि सकाळी सहाला दारात हजर. अंगठा तळव्याखाली वळलेला, बोटं आकसलेली, पोटरी दगडासारखी. तुम्ही फरशीवर बसून माझा पाय मांडीवर घेतलात. मला फार संकोच वाटला. तुम्ही मात्र टाच तळहातात धरून चवडा हळूहळू वर दाबत राहिलात, शंभरेक आकडे मोजले असतील. मग गरम टॉवेल. रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरतो आणि मग स्नायू असे पिळवटतात, हे तेव्हा समजलं.

त्याच दिवशी तुम्ही ती दोनशे पानी वही दिलीत. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, कुठे आणि किती दुखलं. लॉगशीट भरायची सवय होतीच. पंधरा दिवसांत पानंच बोलायला लागली. गोळ्या सहा, अकरा, चार आणि नऊला. दुखणं साडेदहाला नाहीतर साडेतीनला, म्हणजे पुढची गोळी यायच्या आधी! आणि सकाळची गोळी मी पेलाभर दुधाबरोबर घेत होतो. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिनं लेव्होडोपाला, म्हणजे माझ्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातून रक्तात जाताना आडवी येतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वही पाहून न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी, गोळी खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला लावली, रात्रीसाठी सावकाश विरघळणारी गोळी दिली आणि रक्तही तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं.

शेजाऱ्यांनी खाजकुइलीचं चूर्ण आणून दिलं होतं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत, पण त्यांना नावं ठेवली नाहीत. त्या बियांत लेव्होडोपाच असतं, गोळ्यांच्या जोडीला ते मनाने घेतलं तर डोस किती झाला ते कळणार नाही, म्हणालात.

थकायच्या आधी थांबायचं, ही तुमची गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. पण खंबाटकी घाट चढताना इंजिन दमेपर्यंत ड्रायव्हर थांबत नाही, आधीच गिअर उतरवतो. तसंच करतो आता. आंघोळ स्टुलावर बसून, मग वीस मिनिटं आडवा. गोळी लागू पडली की वीस मिनिटं चालणं, तुम्ही शिकवलेल्या ‘एक-दोन’च्या ठेक्यावर. बाजार आणि बँक एकाच दिवशी नाही.

थकवा गेलेला नाही. दुपारी अजूनही अंग गळून जातं. पण आता घरात कुणी काही बोलत नाही. नात चादर आणून देते.

कालच्या पानावर पहाटेच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलंय. सलग अकरावा दिवस. साताऱ्याला आलात की वही दाखवीन.

तुमचा,
काका